चुकामूक झाल्यास जागा सोडू नये

सामना पाहायला समुद्रकाठच्या शहरात जायचं ठरलं की आमच्या भागातले लोक मला फोन करतात. गेली कित्येक वर्षं करतात. कबड्डी असो, खो-खो असो, क्रिकेट असो, स्वतःची पोरगी खेळणार असो की नुसता शौक असो, फोन मलाच. "सर, तुमी तिकडं होते ना, जरा सांगा बरं." मी भूगोलाचा मास्तर. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी कोकणात काढली, कारण आमच्या वेळी मराठवाड्याच्या पोराला जिल्हा परिषदेची नोकरी लागायची ती बहुतेक तिकडंच. मग दर वर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. अकराव्या वर्षी माझी बदली झाली आणि मी परभणीजवळच्या पेडगावला आलो. तेवढ्या भांडवलावर मी सगळ्या पंचक्रोशीत समुद्राचा जाणकार ठरलो आहे. पोहायला मला अजून येत नाही.

सांगायचं ते आता पाठ झालं आहे. घाट उतरताना पुढच्या सीटवर बसा, पोट हलकं ठेवा, लिंबू खिशात असू द्या. टॉवेल दोन घ्या, तिकडं एक टॉवेल दिवसभरात वाळत नाही. परभणीत घाम आला तरी वाऱ्यानं सुकतो, तिकडं तो अंगावरच मुक्कामाला राहतो. धपाटे पहिल्याच दिवशी संपवा. आपल्याकडं ते तीन दिवस टिकतात म्हणून आपले लोक फसतात, तिकडं दुसऱ्या दिवशी त्यांना वास सुटतो. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, तांदळाची मिळेल. ती खाऊन पोट भरल्यासारखं वाटत नाही, पण भरतं. मैदानात पश्चिमेकडं तोंड करून बसू नका, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं. पत्ता विचारला आणि "हे काय, इथंच पुढं" असं उत्तर आलं तर सरळ रिक्षा करा. दुपारी एक ते चार मात्र रिक्षाही मिळत नाही, त्या वेळात सगळं शहर जेवून झोपतं. भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नका. आणि समुद्र पाहता पाहता सामना विसरू नका.

एवढं सांगितल्यावर पलीकडचा माणूस विचारतो, "पन सर, तिकडलं पानी खारट आसतंय म्हनं, मग प्यायचं काय?" मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खरं सांगायचं तर मला याचा कंटाळा आला आहे. नुसता कंटाळा असता तर मी फोन उचलला नसता. पण मी उचलतो, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ काहीच करावंसं वाटत नाही. घरच्यांना वाटतं वयामुळं असेल.

या सगळ्या सूचना मी एकदा कागदावर लिहून काढल्या होत्या. ज्या माणसासाठी लिहिल्या, त्याची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. अंगानं काटकुळी, वर्गात बोलायला लाजायची, पण खो-खोच्या मैदानात उतरली की कुणाच्या हाताला लागायची नाही. खो-खोत एक संघ पाठलाग करतो आणि दुसरा पळतो. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात येतात आणि बाद होईपर्यंत टिकतात. एखादी मुलगी दोन मिनिटं टिकली तरी लोक टाळ्या वाजवतात. ही सहज तीन मिनिटं पळायची. दहावीनंतर ती परभणीला वसतिगृहात राहिली आणि जिल्ह्याच्या संघात गेली. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की त्यांची टोळी घाटाकडं, साखर कारखान्यांच्या भागात, निघायची ती गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. आणि खो-खोचे झाडून सगळे सामने थंडीत. त्यामुळं झालं असं, की जिच्या खेळाबद्दल अख्खं पेडगाव बोलायचं तिचा एकही सामना तिच्या बापानं पाहिलेला नव्हता. एकही नाही. उन्हाळ्यात गावी आल्यावर तो माझ्याकडून वर्तमानपत्राची कात्रणं वाचून घ्यायचा.

त्या वर्षी मुलींच्या गटातलं तिचं वयाचं शेवटचं वर्ष होतं. राज्याचे सामने कोकणातल्या एका शहरात होते. शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक शहराची नव्हती. आणि योगायोगानं टोळी त्या साली कोल्हापूरच्या बाजूला, म्हणजे घाटाच्या माथ्यापासून दोनेक तासांवर ऊस तोडत होती. एका दुपारी त्याचा फोन आला.

"सर, पोरीचा राज्याचा सामना हाय म्हनं. आन त्याच दिशी इकडं कारखाना बंद ठेवायलेत, साफसफाईला. एकच दिस सुट्टी हाय. जाता येईल का ओ?"

"येईल की. घाट उतरला की शहरच आहे."

"मला तिकडलं काय मालूम न्हाई. तुमी सांगाल तसं करतो."

मी म्हणालो, नुसतं सांगत नाही, मीच येतो आणि घेऊन जातो. त्याला ते एवढं मोठं वाटलं की फोन ठेवायच्या आधी "खरंच येता ना सर?" असं त्यानं तीनदा विचारलं. गावातही माझं नाव झालं. मास्तर स्वतःची रजा टाकून चाललेत म्हणाले. रजा मी टाकली हे खरं आहे. पण त्यात माझाही एक स्वार्थ होता, तो पुढं येईलच.

परभणीहून रेल्वेनं मी मिरजेला उतरलो आणि तिथून बस धरून टोळीच्या मुक्कामी गेलो. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. ही सहा कोयत्यांची टोळी होती. मला वाटलं होतं मुलीचे आईवडील तेवढे येतील. सहाही कोयते निघाले, म्हणजे बारा माणसं. "टोळीची पोरगी हाय, सर," असं एक जण म्हणाला, जणू याच्या पुढं काही बोलायला नको. लेकरं शेजारच्या टोळीतल्या म्हातारीपाशी ठेवली.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी माझा सूचनांचा कागद वाचला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. सगळे खाली मान घालून, मुकादम उद्याची तोड सांगतो तेव्हा ऐकतात तसे ऐकत होते. कुणी हसलं नाही, कुणी शंका काढली नाही. पाचवी सूचना अशी होती: 'चुकामूक झाल्यास जागा सोडू नये. शेवटचं जिथं भेटलो तिथंच थांबावं.' ती मुलीच्या बापानं मला दोनदा वाचायला लावली. मला बरं वाटलं. वर्गात इतकं मन लावून कुणी ऐकत नाही.

पहाटे भाड्याची क्रुझर जीप निघाली. मुलीचा बाप माझ्या शेजारी बसला. धुतलेला पांढरा शर्ट, त्यावर घडीच्या रेघा तशाच. वाटभर तो मला खो-खोचे नियम विचारत होता. "पळनारे तीन आसतात ना सर? आन खो द्यायचा तो पाठीतूनच ना?" मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं. माझं खो-खोचं ज्ञान बेताचंच. तो म्हणाला, "न्हाई, चुकीच्या वख्ताला टाळी वाजवली तर पोरीला कमीपना यायचा." घाटात तीन बायांना ओकाऱ्या झाल्या. लिंबं फिरली. खाली उतरल्यावर सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" सगळे हसले. तो हसला नाही, त्याचं लक्ष रस्त्याकडं होतं.

आधी समुद्र दाखवला. बाया ओंजळीत पाणी घेऊन चव पाहत होत्या, थुंकत होत्या, पुन्हा पाहत होत्या. गडी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून एकमेकांना ओढत होती. तो वाळूत उभा राहिला, पाच मिनिटं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि मला म्हणाला, "सर, मैदान कुन्या बाजूला हाय?"

मैदान बंदराच्या रस्त्यावर होतं. बांबूंचा मांडव, आत मोठ्यांदा बोलणारा कर्णा, आणि फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडं सुरूची झाडं. फाटकावर पास नाही, तिकीट नाही, कुणीही आत जावं. मी आत जाऊन संघाच्या बाईंना भेटलो. सामना तीन वाजता होता. मुलगी दोन मिनिटं फाटकापाशी आली. आईबापाच्या पाया पडली, टोळीतल्या सगळ्यांच्याच पडली. बापाला म्हणाली, "बाबा, पुढच्या ओळीत बसा. पळताना मला दिसाल असं."

"बसतो की," तो म्हणाला.

तेव्हा बारा वाजत आले होते. आता माझा स्वार्थ सांगतो. आमचं घर माळकरी. बायकोच्या माहेरीही तेच. घरात कांदा चिरतानाही वार पाहतात. पण कोकणातल्या अकरा वर्षांत मी मासे खायला शिकलो होतो, एकटा माणूस, खोलीवर चूल नाही, याच शहरात बंदराजवळच्या एका खाणावळीत दोन वेळा जेवायचो. बदली झाल्यापासून तोंडात मासा गेला नव्हता. मराठवाड्यात आल्यावर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, बायकोला तर नाहीच. ती खाणावळ मैदानापासून वीस-पंचवीस मिनिटांवर होती. मिरजेला उतरलो तेव्हापासून माझ्या डोक्यात तळलेल्या सुरमईचं ताट होतं. टोळीला समुद्र दाखवतानासुद्धा तेच होतं.

मी त्यांना सुरूच्या सावलीत बसवलं. आत लगेच नेलं असतं तर चाललं असतं, आत सावली होती, पाणी होतं. पण मला वाटलं, आत यांना कुठंतरी कोपऱ्यात ढकलतील. मी असलो की पुढं बसवता येईल, मीच बसवीन. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "एक काम आहे, दोनपर्यंत येतो. सामना तीनला आहे. मी येईपर्यंत कुणी हलू नका. कागदातलं लक्षात आहे ना?"

"हाय सर," तो म्हणाला. "तुमी फिकीर करू नका."

खाणावळ तिथंच होती. मालकीणबाई म्हातारी झाली होती, पण तिनं मला दारातच ओळखलं. "मास्तर ना तुम्ही? बसा. ताजी येत्ये आता बंदरावरून, तीच खाऊन जा." मी बसलो. सुरमई यायला वेळ लागला. मी तिला परभणीचं सांगत होतो, ती मला तिच्या गुडघ्यांचं सांगत होती. ताट आलं, मी जेवलो. पुन्हा वाढलं, पुन्हा जेवलो. सोलकढी दोनदा घेतली. इतक्या वर्षांत मी इतकं समाधानानं जेवलो नव्हतो, हेही खरं तेच सांगतो. घड्याळ पाहिलं तर सव्वादोन. सामना तीनला म्हणून मी फारसा घाबरलो नाही. बाहेर आलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, रिक्षा उभ्या आहेत पण रिक्षावाले घरी झोपलेत. मीच लिहिलं होतं ते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पोट जड झालेलं, ऊन डोक्यावर, चालत चालत मी पावणेतीनला पोचलो.

ते बसले होते तसेच बसले होते. बारा माणसं, सुरूच्या सावलीबरोबर थोडी सरकलेली, मधे धपाट्यांची गाठोडी. गाठोडी सोडलेली नव्हती.

"जेवला नाहीत?" मी विचारलं.

"तुमी आल्याबिगर कसं जेवावं, सर?" मुलीची आई म्हणाली.

मी हात मागं घेतला. साबणानं धुतला होता तरी हाताला वास होता. तेवढ्यात मैदानातून लोक बाहेर पडताना दिसले. मी म्हणालो, चला, आपला सामना आता लागेल. तो लगबगीनं उठला, शर्ट झटकला. मी त्यांना थांबवून पुढं गेलो, जागा पाहायला. आत मैदानाच्या कडेला फळ्यावर खडूनं त्या दिवशीचे निकाल लिहिले होते. परभणीचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. एका गुणानं हार. शेजारी मुलीचं नाव आणि तिच्या पळण्याची वेळ: चार मिनिटं दहा सेकंद.

बाई तिथंच होत्या. म्हणाल्या, "अहो सर, होतात कुठं? दोन संघ आलेच नाहीत, म्हणून सामना दीडलाच लावला. कर्ण्यावर तीनदा पुकारलं. आणि काय पळाली हो पोरगी! मी वीस वर्षांत असं पाहिलं नाही." मग त्यांचा चेहरा बदलला. "तिचे आईवडील आले होते ना?"

बाहेर येऊन मी त्यांना काय आणि कसं सांगितलं ते आता आठवत नाही. तिची आई बोलली ते आठवतं. रडत नव्हती, पण माझ्याकडं पाहत नव्हती. "भोंग्यावर परभनी परभनी म्हनायलेते. पोरीचं नाव बी घेतलं. मी यास्नी म्हनले, तुमी जावा, मी बसते सरांची वाट पाहात. ऐकलं न्हाई."

"का नाही गेलात?" मी त्याला विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, जसा काही गुन्हा त्यानं केला होता. "फाटक उघडं होतं. कुणी अडवलं असतं का? तीस पावलांवर!"

तो खाली बघत म्हणाला, "टोळीत तसं नसतंय सर. मानूस आल्याबिगर गाडी हालत न्हाई. तुमी परक्या गावात एकले. तुमी दोनला येतो म्हनले, आले न्हाईत, मला वाटलं काय तकलीफ झाली. तुमाला टाकून मी टाळ्या वाजवायला कसा जाऊ?"

मी म्हणायला हवं होतं की तकलीफ कसली, मी जेवत होतो. म्हणालो नाही. गर्दी होती, रस्ता चुकलो, असं काहीतरी पुटपुटलो. अकरा वर्षं ज्या शहरात काढली तिथं रस्ता चुकलो म्हणालो, आणि त्यांनी ते मान्य केलं.

तेवढ्यात मुलगी फाटकातून बाहेर आली. केस विस्कटलेले, गळ्यात टॉवेल. रस्ता ओलांडताना ती आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं एकेक करून पाहत होती. आणि मी काही बोलायच्या आत, तिची आई काही बोलायच्या आत, बाप दोन पावलं पुढं झाला.

"पाह्यलं की!" तो म्हणाला. "लय भारी पळलीस. लय म्हंजे लय."

टोळीतली एक बाई म्हणाली, "व्हय गं, लय पळलीस." मग सगळेच म्हणाले.

मुलीनं टॉवेलनं तोंड पुसलं. "कुठं बसले होते बाबा? मला दिसले न्हाई."

"मागल्या बाजूला होतो. पुढं ऊन लागायलंतं."

ती माझ्याकडं पाहायला लागली. मी रस्त्याकडं पाहिलं. मग सगळे जेवायला बसले. मलाही आग्रह झाला. भरल्या पोटावर मी दोन धपाटे खाल्ले, त्यातला प्रत्येक घास मला आठवतो.

परतीच्या वाटेवर घाट चढताना तो माझ्या शेजारीच होता. मागचे पेंगलेले पाहून हळूच म्हणाला, "सर, कशी पळली आसंल ओ? तुमी आत जाऊन आलात, तुमाला बाईनं सांगितलं आसंल. मला सांगा. पुढं कुनी इचारलं तर बोलावं लागंल."

'काय पळाली' यापलीकडं बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं, आणि फळ्यावर होती ती नुसती चार मिनिटं दहा सेकंदांची वेळ. पण त्याचा तो चेहरा पाहून मी सांगायला लागलो. कशी ती खांबाला वळसा घालून निसटली, कशी पाठलाग करणारी पोरगी तिच्या मागं तोंडावर आपटली, कसे लोक उभे राहिले. मग संघाची पाठलागाची पाळी आली तेव्हा तिनं खांबाकडं असा सूर मारला की अख्खं अंग हवेत, आणि समोरची बाद. खो-खोच्या प्रत्येक गोष्टीत असा एक सूर असतो, म्हणून मीही घातला. तो ऐकत होता. मधेच "पुन्हा सांगा" म्हणायचा. घाटमाथा येईस्तोवर मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तोच मला सांगत होता.

पाडव्याला टोळी गावी आली. त्यानंतर तो सामना मी पेडगावात किती वेळा ऐकला असेल याचा हिशोब नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या व्हरांड्यात. सांगताना मुलीचा बाप उठून उभा राहायचा, वळसा दाखवायचा, आणि सूर सांगताना दोन्ही हात पुढं करून असा झुकायचा की पाहणारे मागं सरकायचे. टोळीतली माणसं शेजारी बसलेली असली तर मान हलवायची. त्यांनी कधीच कुणाला खरं सांगितलं नाही. मी जवळपास असलो तर तो म्हणायचा, "इचारा सरांना, सर होते ना." आणि लोक माझ्याकडं पाहायचे. मी हो म्हणायचो. नंतर नंतर मी त्या टपरीवर जायचंच सोडलं.

हे होऊन आता बरीच वर्षं झाली. मुलीनं पुढं शिक्षण पुरं केलं. राज्याला ती पुन्हा कधी खेळली नाही. सध्या ती पूर्णेला एका शाळेत खेळ शिकवते, तासिकेवर. गेल्या उन्हाळ्यात परभणीच्या फलाटावर मला भेटली. तिची पूर्णेची गाडी उशिरा होती. बाकावर माझ्याशेजारी बसली, तब्येत विचारली, बाबांचे गुडघे गेले म्हणून आता ते तोडीला जात नाहीत असं सांगितलं. मग जरा वेळानं हसून म्हणाली, "बाबांनी काल पुन्हा तो सामना सांगितला, माझ्या शाळेतल्या मुलींना. लाडू घेऊन आलते पूर्णेला. हात असे पुढं करून."

मीही हसलो.

"सर, एक विचारू? तो सूर कुणी घातला त्यात?"

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले आणि ती बाकावर ठेवली.

"त्या दिवशी मी पाठलागात नव्हतेच. गुडघा सुजला होता, खो घ्यायला खाली बसता येत न्हवतं. बाईंनी मला फक्त पळायला ठेवलं होतं, बाकी वेळ मी बाहेर बसून होते. बाबांनी पाहिलं न्हाई हे मला तवाच कळलं. पळताना मी सगळ्या ओळी पाहत होते ना. पुढच्या बी आन मागच्या बी. तेवढ्यासाठीच तर एवढी पळाले, की आता येतील, आता येतील." तिनं पर्स मांडीवर सरळ केली. "बाबांना मी कधी बोलले न्हाई. त्यांचा लय जीव हाय त्या सामन्यात. मला वाटायचं, तुमी आत असाल कुठंतरी. तुमी पाहिलं आन त्यांना सांगितलं. फक्त सूर तेवढा बाबांनी पदरचा घातला आसंल."

आता खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हणालो, "मी आत नव्हतो, बाळा. मी बंदरावर मासे खात होतो. ते सगळे माझ्यासाठी बाहेर बसून राहिले."

तिला राग येईल असं मला वाटलं, आणि तो यावा अशी माझी इच्छा होती. इतकी वर्षं मी त्या रागाची वाट पाहत होतो. पण ती रुळांकडं पाहत राहिली आणि मनातल्या मनात काहीतरी जुळवल्यासारखं करून हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे आपलं कुनीच न्हवतं तिथं."

गाडी आली. तिनं माझी पिशवी बाकावर नीट सरकवून ठेवली, "येते सर," म्हणाली आणि डब्यात चढली.